नमुन्यादाखल कापलेला कोपरा

आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात हिरव्या रंगाची एक पाटी आहे. पोळपाटाहून थोडी मोठी, लांबट, आणि एका बाजूला कापलेली. शेजारच्या पाकिटात तिचा कापलेला कोपरा आहे. या दोन्ही वस्तू माझ्या मुलाच्या मालकीच्या असून त्या नेण्यास त्याने नकार दिलेला आहे. नकार लेखी आहे. पाटी कोणी कापली, कोणत्या अधिकाराने कापली, हे मी त्या काळात अनेक कचेऱ्यांना कळवले. उत्तरे आली नाहीत असे मी म्हणणार नाही. आली, सगळी सभ्य होती, आणि खाली सही करणाऱ्यांपैकी एकालाही लाज वाटल्याचे त्यांत कोठे दिसले नाही. माझी ती पत्रे इंग्रजीत होती. आता मराठीत लिहितो, म्हणजे निदान ज्याला लाज वाटायला हवी होती त्याला ते वाचता येईल. तो मराठीच होता.

सत्तरचे दशक संपत आले होते. आम्ही डमडमला भाड्याच्या घरात राहत होतो. मी एका बँकेच्या कायदा विभागात होतो. बदलीवर कलकत्त्याला आलो आणि पुढच्या बदल्या नाकारून तेथेच राहिलो. कायद्याची पदवी माझ्यापाशी होती, पण काळा कोट मी कधी घातला नाही. त्यामुळे कचेरीत मला ‘वकीलसाहेब’ म्हणत आणि आज कोणाला नोटीस, असे विचारून हसत. मी पत्रे लिहीत असे हे खरे आहे. वीज गेली तर वीज कंपनीला, नळाला गढूळ पाणी आले तर नगरपालिकेला. ज्याच्यावर पगार घेऊन काम करण्याची जबाबदारी आहे त्याला तिची आठवण करून देणे हा उपद्रव नव्हे, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे.

मुलगा लहानाचा मोठा तेथेच झाला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर होता आणि रेडिओच्या एका कारखान्यात लागला होता. एका सकाळी तो कामावर गेला तेव्हा फाटकाला कुलूप आणि त्यावर मालकांची सूचना होती. कामगारांचे आणि मालकांचे भांडण; माझा मुलगा दोघांच्याही बाजूचा नव्हता, म्हणून त्याच्यासाठी दोघांपैकी कोणीही भांडले नाही. वर्ष गेले. कुलूप तसेच राहिले. गल्लीतले लोक रोज त्याला हसतमुखाने “की खबर?” विचारीत, आणि खबर नाही हे त्यांना विचारण्यापूर्वीच ठाऊक असे.

त्याचा कॉलेजातला एक मित्र अमेरिकेत होता. त्याने कळवले की तिकडे आता टेबलावर मावेल असा कॉम्प्युटर सुट्या भागांतून घरी जोडता येतो. मुलाला त्यानंतर दुसरे काही सुचेना. योगायोगाने चहाच्या लिलावाचा व्यवसाय करणाऱ्या एका जुन्या पेढीत तो बिघडलेला इंटरकॉम दुरुस्त करायला गेला होता. तेथील भागीदाराला त्याने या यंत्राविषयी सांगितले. बागाबागांतून येणाऱ्या पेट्यांच्या याद्या करायला त्या पेढीत कारकुनांची एक खोली भरलेली असे. भागीदार म्हणाला, वसंतातले लिलाव सुरू होण्याआधी यंत्र आणून दाखव. चालले तर ते खाते तुझे, आणि तुला काय लागेल ते पेढी बघेल. नंतर आणलेस तर माझा वेळ घेऊ नकोस. माझ्या मुलापुढे त्या शहरात एवढे एकच दार उघडे होते.

यंत्राचा गाभा म्हणजे ती हिरवी पाटी. तिला मदरबोर्ड म्हणतात, हे मी प्रथम त्याच्या तोंडून ऐकले. मित्राने आधी नुसते रेखाचित्र पाठवले होते. मुलाने ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि आईला समजावून सांगितले.

“आई, ही पंगत समज. या खाचा म्हणजे पानं मांडायच्या जागा. खालून तांब्याच्या रेघा गेल्यात ना, तो वाढपी. वाढपी सगळ्यांसमोरून जातो, ज्याचं जे आहे ते तो उचलतो. उद्या आणखी कोणी जेवायला आलं की मोकळ्या खाचेत बसवायचं.”

पाटीच्या एका कडेला बाहेरच्या जोडण्या होत्या. एकीत टाईप करण्याच्या कळा, एकीत टीव्ही, आणि दोन गोल भोकांत आमचा कॅसेटचा टेपरेकॉर्डर. यंत्राला जे लक्षात ठेवायचे ते टेपवर आवाजाच्या रूपाने उतरणार होते. कसला आवाज, असे माझ्या पत्नीने विचारले. शिट्टी चिरकल्यासारखा, तो म्हणाला. त्यावर ती म्हणाली की मग माझी भजनांची कॅसेट घेऊ नकोस. पुष्कळ महिन्यांनी आम्ही तिघे एकदम हसलो. पाटी यायच्या आधीच त्याने रेखाचित्रावरून मापे घेऊन सागवानी फळ्यांची पेटी बनवली, मागच्या बाजूला प्रत्येक जोडणीसाठी नेमके छिद्र कोरले आणि पॉलिश केली. ती रिकामी पेटी शिलाई मशीनवर वाट पाहत बसून असे.

पार्सल बोटीने आले आणि खिदिरपूरच्या गोदीतल्या तपासणी कचेरीत अडकले. त्यात दोन डबे होते. एकात बारीक काळ्या चिपा होत्या, यंत्राचा सगळा मेंदू त्यांतच होता. त्या रेडिओचे भाग समजून पहिल्याच दिवशी सुटल्या. दुसऱ्या डब्यातली पाटी मात्र अडली, कारण तिच्यासारखे काही त्या टेबलावर पूर्वी आले नव्हते.

त्या टेबलामागे बसणारा तपासणी अधिकारी आमच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी तो नागपूरहून बदलून आला तेव्हा मी त्याला घर शोधून दिले होते. त्याच्या बायकोला मासळीचा वास सहन होत नसे, म्हणून पहिला आठवडा दोघे आमच्याकडे जेवले. गणपतीत तो दोन्ही वर्षे आमच्याकडे होता, आणि मोदक संपत आले की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहत असे. मला काका म्हणे, माझ्या पत्नीला काकू. कचेरीत मात्र तो आमच्याशी इंग्रजीतच बोलला, आणि बसा म्हणाला नाही.

मुलाने पाटीचे नाव सांगितले तेव्हा तो हसला आणि शेजारच्या टेबलाला कळू नये म्हणून मराठीत उतरला.

“मदर? बरं. आई आलीय, मग बाप कुठाय? तो परवाना घेऊन मागून येतोय का?”

मुलगाही हसला. त्याला वाटले, गंमत चालली आहे.

अधिकाऱ्याचे म्हणणे असे की हिला कळा जोडता येतात, टीव्ही जोडता येतो, टेप जोडता येते. म्हणजे हा पूर्ण कॉम्प्युटर झाला, आणि तो परवान्याशिवाय आणल्यास जप्त होतो. मी त्याला सांगितले की कडी, कोयंडा आणि बिजागरी असली तरी दार हे दारच असते, त्याला घर म्हणत नाहीत. हा भाग आहे, भाग म्हणून सोडा. तो म्हणाला, “काका, घर नसेल तर मग पत्रा असेल. प्लास्टिकवर तांबं. पत्र्याचा नमुना काढून लॅबला पाठवावा लागतो. बघू.” आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

हे ‘बघू’ संपेना. डमडमहून लोकलने सियालदा, तेथून ट्राम बदलत मैदान ओलांडून खिदिरपूर, आणि गोदीचा पूल बोटीसाठी उचललेला असला तर पलीकडे कचेरी दिसत असताना अलीकडे उभे राहणे. प्रत्येक वेळी टेबलापाशी गेलो की साहेब जेवायला गेलेले, साहेब बोटीवर गेलेले, कागद वर गेलेला. एकदा त्याने मुलाला दोन तास उभे ठेवून विचारले की घरी बसल्याबसल्या आईला भाजी चिरून देतोस की नाही. मुलाने देतो म्हणून सांगितले. तो देतही असे. थंडी सरत आली होती आणि यंत्र कधी आणतोस, असा चहाच्या पेढीतून निरोप आला होता.

तेव्हा मी अधिकाऱ्याच्या वरिष्ठाला पत्र लिहिले. त्या पत्राची प्रत माझ्यापाशी आहे आणि त्यातला एकही शब्द मी आज बदलणार नाही. माल कोणत्या सदरात मोडतो, विलंब कसा बेकायदा आहे, नियमाप्रमाणे निर्णय ताबडतोब कसा देय आहे, हे मी मुद्देसूद मांडले. अखेरचा मुद्दा हितसंबंधाचा होता. निर्णय देणारा अधिकारी एका पक्षाच्या घरी जेवलेला असेल तर ते आधीच जाहीर व्हावे, म्हणजे पुढे निर्णय आमच्या बाजूने लागला तर कोणी बोट दाखवू नये. म्हणून मी लिहिले की सदर अधिकाऱ्याने सहकुटुंब आमच्या घरी वेळोवेळी भोजन केलेले आहे, सणाचे पदार्थ, उदाहरणार्थ मोदक, स्वीकारलेले आहेत, आणि ही बाब पूर्ण प्रामाणिकपणे नमूद करीत आहे.

पत्र टपालात पडल्यावर मी ते पत्नीला वाचून दाखवले. तिने निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवले.

“जेवायला घातलेलं कोणी लिहून काढतं का हो?”

मी तिला सांगितले की हे काढणे नव्हे, हे जाहीर करणे आहे. ती म्हणाली, त्याला त्यातला फरक कळेल का. मी म्हणालो, कायद्याला कळतो.

वरिष्ठाने त्याला बोलावून काय सुनावले हे मला ठाऊक नाही. कचेरीत त्याला ‘मोदक’ म्हणू लागले होते एवढे मात्र नंतर कानावर आले. मोदक म्हणजे काय हे त्या बंगाली मंडळींना कोणी समजावले, देव जाणे. चार दिवसांत आम्हाला बोलावणे आले की नमुना काढायचा आहे, मालकाने समक्ष हजर राहावे.

समक्ष, हा शब्द कायद्यातला आहे. कस्टम्स कायद्याचे एकशे चव्वेचाळिसावे कलम सांगते की अधिकाऱ्याने नमुना घ्यावा तो मालकाच्या उपस्थितीत घ्यावा. मालकाची फसवणूक होऊ नये म्हणून हे लिहिलेले आहे. त्या गोदीत आलेल्या कापडाच्या ताग्याचा, पत्र्याचा, चामड्याचा, जे जे पसरट असेल त्याचा कोपरा कापून प्रयोगशाळेला जात असे, आणि ते काम पेट्या फोडणारा एक माणूस करीत असे. मी मुलाला खाली गोदामात थांबायला सांगितले आणि स्वतः वर गेलो, कारण नमुना काढण्याविरुद्धची लेखी हरकत माझ्या हातात होती आणि ती आधी दाखल होणे आवश्यक होते. आवक खिडकीवरचा कारकून प्रत घेऊन शिक्का द्यायला तयार नव्हता. पोच न घेता अर्ज देणे म्हणजे तो न देणेच होय. मी तेथून हललो नाही. त्याने शेवटी शिक्का मारला, तारीख पुसट उठली, मी दुसऱ्यांदा मारायला लावला.

खाली काय झाले ते मुलाने मला पुढे एकदाच सांगितले. त्याने घरातला मऊ पंचा पाटीखाली घालायला नेला होता. अधिकाऱ्याने पाटी लाकडी ठोकळ्यावर ठेववली, पंचा बाजूला सारला आणि त्याला जवळ बोलावले.

“तुझ्या वडिलांनी लिहिलंय, नियमाप्रमाणे करा. मी नियमाप्रमाणे करतोय. कुठला कोपरा कापू? तूच सांग. मालक आहेस तू.”

मुलगा म्हणाला, “साहेब, कुठलाही कापला तरी मेलीच ती.”

“मग अख्खी पाठवू लॅबला? तिथं जाळून बघतात.”

मुलाने पाटी हातात घेऊन उजेडाकडे धरली. जेथे रेघा सगळ्यांत विरळ होत्या, नुसते स्क्रूचे छिद्र होते, असा एक कोपरा त्याने शोधला आणि त्यावर नखाने खूण केली. सुपारीएवढा तुकडा निघाला असता. अधिकाऱ्याने ते पाहिले, तळहात पसरून पाटीवर ठेवला आणि म्हणाला, लॅबला एवढा लागतो. पेट्या फोडणाऱ्या माणसाने तळहाताच्या कडेने खडूची रेघ ओढली. रेघ पंगतीच्या टोकाच्या खाचांवरून गेली.

मी शिक्क्याची प्रत घेऊन जिन्यावरून उतरत होतो तेव्हा तो आवाज ऐकला. पहिल्यांदा मला वाटले, कोणी पेटी उघडत आहे. मी पोचलो तोवर तुकडा सुटला होता आणि ठोकळ्यावर हिरवट भुसा पडला होता. मुलगा उपस्थितीच्या कागदावर सही करीत होता. मी हरकतीची प्रत अधिकाऱ्यापुढे धरली. त्याने ती नीट वाचली, शिक्क्यावर बोट ठेवले.

“वेळेत आहे काका,” तो म्हणाला. “फाईलला लावतो.”

मग मुलाकडे वळून त्याने काकूंना नमस्कार सांग म्हणून सांगितले.

ट्राममध्ये मुलाने पंचा घडी करून मांडीवर ठेवला होता. मी त्याला अपिलाचे मुद्दे सांगत होतो. नमुना अवाजवी मोठा घेतला, हरकत प्रलंबित असताना घेतला. दोन्ही मुद्दे भक्कम होते. तो खिडकीबाहेर मेंढ्या बघत होता. मैदानात त्या काळी मेंढ्या चरत.

अपील मी स्वतः लिहिले आणि स्वतः चालवले. ऐकणारा वरिष्ठ वयस्क बंगाली गृहस्थ होता. तो माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेत असे आणि मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहत नसे, हे मी नमूद करतो. प्रयोगशाळेचा अहवाल आला की नमुन्यात तांबे, कथील आणि प्लास्टिक आढळले. निकाल पूर्णपणे आमच्या बाजूने लागला. सदर वस्तू पूर्ण कॉम्प्युटर नाही, भाग आहे, परवान्याची गरज नाही, माल तात्काळ मोकळा करावा. माझे दार आणि घराचे उदाहरण आदेशात जवळजवळ तसेच उतरले होते. तो दाखवून पाटी सोडवून आणली तेव्हा लिलावांना थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी आदेश घरी मोठ्याने वाचला. मुलगा टेबलाशी बसून कापलेली पाटी भिंगाखाली धरून होता.

“बाबा, तुम्ही जिंकलात,” तो म्हणाला, आणि पुन्हा भिंगात पाहू लागला.

त्याने प्रयत्न सोडला नव्हता. तुटलेल्या प्रत्येक रेघेच्या टोकाला केसासारखी तार डाख देऊन जोडत, चिरलेल्या खाचा सोडून देत, पंगत वळसा घालून पुढे नेण्याचा त्याचा खटाटोप चालला होता. वीज गेली की तापलेली डाखणी निवे आणि तो ती हातात धरून वीज येईपर्यंत तसाच बसे. पाटी आता त्या सागवानी पेटीत बसत नव्हती. बाजूने तारांचे जाळे फुगले होते, म्हणून त्याने पेटीची एक फळी काढून टाकली. घरी टीव्हीवर एकदा यंत्राचे अक्षर उमटले. त्याने आईला हाक मारली, ती येईपर्यंत ते गेले, पण तिने पाहिल्याचे सांगितले.

चहाच्या पेढीत मी त्याच्याबरोबर गेलो. भागीदाराने आपली माणसे मुद्दाम बोलावली होती. ज्या कारकुनांचे काम हे यंत्र करणार होते तेही भिंतीला टेकून उभे होते. मुलाने जोडण्या केल्या, टेप लावली, चिरका आवाज झाला. पडद्यावर एक अक्षर आले, मग तेच अक्षर पुन्हा, मग ओळ भरली, मग पडदा भरला. त्याने सगळे बंद करून पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. भिंतीपाशी कोणीतरी खोकल्याच्या निमित्ताने हसले, आणि मग निमित्ताची गरज उरली नाही. भागीदार हसला नाही. त्याने विचारले, हा बाजूचा तुकडा कोठे आहे. मुलाने सांगितले, सरकारकडे. यावर मात्र भागीदारही हसला आणि म्हणाला की बागेतून फुटकी पेटी आली तर आम्ही ती लिलावाला मांडत नाही.

मी आदेशाची प्रत बरोबर नेली होती आणि ती त्याच्यापुढे ठेवली. मुलाने ती उचलली, माझ्या खिशात परत घातली आणि तारा गुंडाळू लागला.

पुढे त्याने पंख्यांच्या एका कंपनीत विक्रीची नोकरी धरली आणि तो रायपूरला गेला. पेटीही नेली नाही.

तो गेल्यानंतर काही महिन्यांनी नमुना परत आला. त्याच कलमात पुढे असे आहे की काम झाल्यावर नमुना शक्य असेल तर मालकाला परत द्यावा. मी त्यासाठी लिहीतच होतो. लाख लावलेल्या पाकिटातून हिरवा कोपरा आला, जाळलेला नव्हता, एका कडेला फक्त खरवडलेला. मी तो कपाटातल्या पाटीला लावून पाहिला. रेघेला रेघ समोरासमोर आली, पण मध्ये करवतीच्या पात्याएवढी फट राहिली. काही केल्या ती मिटेना. म्हणजे जेवढा माल घेतला तेवढा परत मिळाला नव्हता. मी त्या कचेरीला कळवले की फटीएवढा माल कमी भरतो, त्याचा हिशेब द्यावा. उत्तर आले की सदर घट नमुना काढण्याच्या क्रियेत अपरिहार्य आहे. खाली सही त्याच तपासणी अधिकाऱ्याची होती. त्याच सालच्या गणपतीत तो आला नाही. माझ्या पत्नीने त्याच्या वाटचे मोदक केले होते, ते मी कारण न विचारता खाल्ले.

मुलालाही मी सविस्तर लिहिले. कोपरा मिळाला आहे. रेघा जुळतात. तू आलास तर जोडता येईल. फटीपुरता प्रश्न उरतो, तो मी धसास लावीत आहे. तसेच अधिकाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येईल, त्यास तुझी संमती हवी. आणि दिवाळीस येतोस का.

तो घरी पत्र लिहीत असे ते मराठीत, चुका करीत, ‘तीर्थरूप बाबांस’ अशी सुरुवात करून. या वेळी पाकीट कंपनीचे होते आणि आत टाईप केलेला इंग्रजी कागद होता. वरती संदर्भ, त्याखाली विषय, मग माझ्या पत्राचा मुद्देसूद खुलासा. मुद्दा पहिला, कोपरा मिळाल्याची नोंद घेतली. मुद्दा दुसरा, जोडणी करणे शक्य नाही. मुद्दा तिसरा, दाव्यास संमती नाही. मुद्दा चौथा, दोन्ही वस्तूंवरील हक्क सोडत असून त्यांची विल्हेवाट आपण लावावी. मुद्दा पाचवा, दिवाळीस येणे होणार नाही. खाली पूर्ण नावाची सही, आणि प्रत माहितीसाठी आईला.

मी तो कागद लाल पेन्सिल घेऊन वाचला, जसे मी सगळी येणारी पत्रे वाचतो. एकही मुद्दा सुटला नव्हता, एकही शब्द जास्त नव्हता. मी त्यावर पोचल्याची तारीख घातली आणि तो कोपऱ्याच्या पाकिटात ठेवला.